चातोचं ताट

ऑक्टोबर सरताना मेलेल्यांसाठी ताट मांडायचं, आणि त्यात मेलेली कुत्रीही आली, ही रेमेदियोसबाईंच्या माहेरची रीत. चातो, त्यांचा बसक्या नाकाचा म्हातारा कुत्रा, उन्हाळ्यात गेला. बाईंनी व्हरांड्यात त्याचा फोटो ठेवला, झेंडू वाहिला आणि रोज संध्याकाळी उकडलेली कोंबडी वाढली. सकाळी ताट चाटूनपुसून लख्ख. माझा चातो येऊन जेवून जातो, असं त्या गल्लीभर सांगत सुटल्या.

त्याच दिवसांत टेकडीवरची कोयोते मादी, कोल्ह्याहून मोठं नि लांडग्याहून लहान असं रानजनावर, भर उजेडी गल्लीत हिंडू लागली. माणूस दिसला तरी हटेना. शेजारच्या एफ्राईनच्या कुत्रीमागे ती थेट फाटकापर्यंत आली, तेव्हा त्याने पिंजरा आणवला. पिंजऱ्यात सापडलेलं जनावर मारतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बाई तावातावाने भांडायला गेल्या. टेकडी त्या जनावरांची, आपण मागून आलेले उपरे, असं बरंच सुनावलं. एफ्राईनने सगळं ऐकून घेतलं.

"रेमेदियोसबाई, तुमची आईच सांगायची ना, मेलेले नुसता वास घेतात म्हणून? मग कोंबडी खातंय कोण?"

हे त्यांना पहिल्याच सकाळी कळायला हवं होतं, आणि खरं तर कळलंही होतं. लाज वाटली, त्याहून जास्त राग आला. त्या घरी गेल्या, मोठं पातेलं आणि डाव घेऊन आल्या आणि पिंजऱ्यावरच बसल्या.

"ताट मी उचललं. तू कुत्रीचं खाणं आत घे, झाडाखालचे ॲव्होकाडो वेच. आणि हे धूड इथून ने. नाहीतर आधी मला कोंब यात."

"आणि ती आली तर?"

"मी आहे ना हाकलायला."

उन्हं कलताना ती आली. बाईंकडे ढुंकूनही न बघता त्यांच्या व्हरांड्याकडे निघाली, रोजच्यासारखी. ये गं, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्या उठल्या, हात उंचावले आणि पातेलं बडवत पुढे सरकल्या.

"चल, नीघ! इथे तुझं कोणी नाही!"

आवाज फाटला. ती थबकली, बघत राहिली. बाईंनी पाठ फिरवली नाही. आणखी एक पाऊल टाकलं, तशी ती वळली आणि टेकडी चढून गेली. एफ्राईनने पिंजरा ओढत नेला.

त्या रात्री ताट स्वयंपाकघरात मांडलं. सकाळी ते भरलेलंच होतं. बाई तिथेच खुर्चीत बसून पोटभर रडल्या. मग कोंबडी गरम केली आणि स्वतः खाल्ली, हाडं झाकणाच्या पिंपात टाकली आणि डाव दाराजवळच्या खिळ्याला अडकवला, हाताशी राहील असा.