चार नंबरच्या यंत्राची नोंद

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी कपाट आहे. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मला घडवले आणि अंबडच्या एका कारखान्यात आणून उभे केले. तिथे माझी किल्ली शुभांगीताईंकडे असे. त्या माहिती व्यवस्थापक होत्या. माणूस गेला तरी त्याला ठाऊक असलेले कारखान्यात राहावे, हे त्यांचे काम.

चार नंबरच्या दाबयंत्रावरचे जुने कामगार बहिरूकाका निवृत्त होणार होते, तेव्हा ताई पंधरा दिवस त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसल्या.

"ताई, या चार नंबरचं बटण बंद केलं तरी वरचा ठोकळा दमानं खाली येतो," काका म्हणाले. "टेकू लावल्याबिगर आत हात घालायचा नाय. हे कुठल्या पुस्तकात नाय."

ताईंनी ते लिहून माझ्यात ठेवले, यंत्रावर पाटी लावली. प्रत्येक नव्या कामगाराला त्या स्वतः नेऊन दाखवत.

मग दीपकसाहेब नवे व्यवस्थापक म्हणून आले.

"सगळं स्कॅन करून टाका. कपाट सांभाळायला बाई कशाला?"

"स्कॅन झालं, तरी नव्या माणसाला सांगणार कोण?" ताईंनी विचारले.

"वाचतील की."

ताईंना काढले. कागद स्कॅन होऊन रद्दीत गेले. यंत्राला नवा रंग देताना पाटीही उतरली.

आठ महिन्यांनी केरू नावाच्या नव्या कामगाराचा उजवा हात चार नंबरमध्ये चिरडला.

साहेबांनी माझ्यासमोरूनच ताईंना फोन लावला. "बहिरूची ती नोंद कुठे आहे?" अपघाताच्या चौकशीत उपयोग होईल असे वाटून ताईंनी लगेच फाइलचा क्रमांक सांगितला. "केरू कसा आहे?" असे त्या विचारत होत्या, तोवर साहेबांनी फोन ठेवला. त्यांनी संगणकावर ती नोंद उघडली, सावकाश वाचली आणि पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी केरूची बायको सावित्रीबाई आली. "साहेब, यंत्र असं करतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं का?"

"नाही हो बाई. केरूचीच चूक झाली."

ती मान खाली घालून गेली. मला तोंड नव्हते.

मित्रांनो, जाणत्यांचे बोलणे जपणाऱ्या माणसाला बिनकामाचा समजू नका. त्याला जपा.

माझ्यात आता चहाचे कप ठेवतात. आज सकाळी चार नंबरवर गोरक्ष नावाचा नवा माणूस उभा केला आहे. त्याला कोणी काही सांगितलेले नाही. सांगितले, तर साहेबांना हे आधीपासून ठाऊक होते असे ठरेल.