आभारी गाव

मस्कतला वीस वर्षं गाडी चालवून दत्तप्रसाद डिचोलीला परतले, ते एक इस्त्री आणि बरीचशी अरबी घेऊन. इस्त्री बिघडली. अरबीला मात्र भाच्यामुळे गिऱ्हाईक मिळालं.

भाचा गौरेश हरमलला खोली घेऊन संगणकावर काम करायचा. अरबी मुलखातले लोक लसींबद्दल मोबाइलवर काय लिहितात ते त्याचं एआय मॉडेल वाचायचं आणि प्रत्येक मजकुरावर शिक्का मारायचं. तक्रार असली की त्या गावाला मदत जायची, अफवा असली की मजकूर पुसला जायचा, स्तुती असली की काहीच व्हायचं नाही. मामांनी फक्त शिक्के तपासायचे. पटलं नाही तर कारण लिहायचं. मग मॉडेल उत्तर द्यायचं, आणि दोघांचं एकमत होईपर्यंत पुढचा मजकूर यायचा नाही.

मॉडेल फार सभ्य. इतक्या अदबीने मामांशी आजवर कुणी भांडलं नव्हतं, सुमंगलामामी तर नाहीच. शिवाय वाद नेमका जेवणानंतर निघायचा, आणि त्या वेळी न झोपणाऱ्याला डिचोलीत आजारी समजतात. मामा 'मान्य' दाबून आडवे व्हायचे.

एका आडगावातल्या बापाने लिहिलं, "दवाखान्याचे आभार. फ्रीज बंद, मुलीला टोचलेली लस चहाइतकी गरम. देव तुम्हाला दीर्घायुष्य देवो."

शिक्का: स्तुती. मामा हसले. असलं टोमण्याचं दीर्घायुष्य मस्कतच्या प्रत्येक चौकात चिडलेल्या ड्रायव्हरांकडून त्यांना मिळालं होतं. त्यांनी तसं लिहिलं. आपलं निरीक्षण मोलाचं आहे, पण आशीर्वादाला तक्रार कसं म्हणावं, असं मॉडेलने विचारलं. मामींनी उशी आणून ठेवली होती. मान्य.

मग त्या गावातून आभारांची रीघ लागली. मामा मान्य करत गेले.

एका शनिवारी त्याच बापाने लिहिलं, "पुन्हा आभार. थोरलीला गोवराने नेलं, आता तिला लस लागायची नाही. धाकटीला उद्या बोलावलंय. फ्रीज तोच."

शिक्का: स्तुती. कारण: गरज पूर्ण झाल्याचा उल्लेख.

त्या दुपारी मामा झोपले नाहीत. मामींनी कपाळाला हात लावून ताप पाहिला. संध्याकाळी मॉडेलने हार मानली आणि तो एक शिक्का बदलला. मामांनी गौरेशला फोन लावला.

"एकाने काय होतंय, मामा? बाकीचे सगळे आभार तुम्हीच मान्य केलेत. नवे फ्रीज शिव्या घालणाऱ्या गावांना गेले मरे."

"आणि ह्या गावाला?"

"तिथे लोक खूश आहेत, असा अहवाल गेलाय."

आता तपासायलाही माणूस नको, असं वरच्यांनी ठरवल्याचं गौरेशने जाता जाता सांगितलं. मामांच्या उत्तरांवरून मॉडेल पुरेसं शिकलं होतं.

मामांनी फोन ठेवला आणि स्वतःच्या मोबाइलवरून त्या बापाच्या मजकुराखाली अरबीत लिहिलं, "धाकटीला तिथली लस देऊ नकोस. फ्रीज चालू असेल अशा दवाखान्यात ने, आणि तिथे दे."

मजकूर क्षणभर दिसला आणि गेला. त्याच्या जागी शिक्का होता: अफवा, लसीविरुद्ध.

त्याखाली त्या गावातले नवे आभार येतच होते.