बाहेरचा पेला

“आई, चांगले कप आहेत ना आपल्याकडे?” चंद्रिकाने दबक्या आवाजात विचारलं.

“आहेत. आपल्या माणसांना,” सासूबाई चहा गाळत म्हणाल्या. “बीफ खाणाऱ्यांना बाहेरचा पेला. आज नव्याने सांगू काय, बाय?”

चंद्रिका सरकारी दवाखान्यात नर्स होती. दिवसभर कुणाच्याही जखमा धूत असे. तरी ती निमूट मागच्या दारी गेली, नळाजवळच्या कट्ट्यावरचा टवके उडालेला पेला उचलला आणि त्यात चहा ओतून ओटीवर घेऊन आली. तिचा हात काही कुणी धरला नव्हता.

ओटीवर लिझेत बसली होती. बेटावरच्या रोझ हिल शहराच्या टोकाला असलेल्या या वस्तीतल्या चर्चची व्यवस्था तीच पाहायची. सगळे तिला तांतिन, म्हणजे मावशी, म्हणत. चर्चला शंभर वर्षं होत होती. रविवारी पाद्री चर्चचा इतिहास सांगणार होते, आणि सन पंच्याहत्तरच्या वादळात तिथे आसरा घेतलेल्यांपैकी कुणी दोन शब्द बोलावेत, अशी त्यांची इच्छा होती.

त्या वादळात घराचे पत्रे उडाले, तेव्हा चंद्रिकाचं कुटुंब आठवडाभर चर्चच्या हॉलमध्ये राहिलं होतं. पहिल्याच संध्याकाळी लिझेतने विचारलं होतं, “तुम्ही काय खात नाही, ते आधी सांगा.” मग हिंदू कुटुंबांसाठी तिने वेगळी चूल मांडून दिली, कोरी पातेली आणली, आणि स्वतः त्या चुलीपासून चार हात लांब राहिली.

“तुझी सासू साखर घालते की अख्खा कारखाना ओतते गं?” चहा संपवत लिझेत हसली. मग उठली, घराला वळसा घालून सरळ मागच्या नळावर गेली, पेला विसळला आणि कट्ट्यावर होता त्याच जागी उपडा ठेवला.

चंद्रिका मागोमाग धावली. “तांतिन, राहू द्या ना! मी—”

“असू दे. माझी आई चार घरची धुणी धुवायची. आमचा पेला कुठे असतो, ते लहानपणापासून ठाऊक आहे मला.” तिने हात झग्याला पुसले. “रविवारी ये हं. छानशी साडी नेस, फोटो काढणार आहेत.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. पाद्री सांगत होते, गुलामीतून सुटलेल्यांच्या मुलांनी इथे आधी गवताची झोपडी बांधली. ती एका वादळात गेली, आणि त्या रात्री कुणालाच कुठे आसरा मिळाला नाही. म्हणून पुन्हा दगडात बांधताना ठरलं, हॉलच्या दाराला कुलूप लावायचं नाही.

मग त्यांनी चंद्रिकाला बोलावलं. ती क्रिओलमध्ये, बेटावरच्या सगळ्यांच्या बोलीतच बोलली. उडालेले पत्रे, वेगळी चूल, कोरी पातेली. बोलता बोलता थांबली.

“आणि परवा तांतिन आमच्या घरी आल्या, तेव्हा मी—”

पुढच्या बाकावर बसलेल्या लिझेतने हळूच मान हलवली. नको.

“—तेव्हा मी त्यांना चहा दिला,” चंद्रिका म्हणाली.

टाळ्या झाल्या. मागून कुणीतरी म्हणालं, “माणसं असावीत तर अशी!” लिझेतने झगा आवरून आपल्या शेजारी जागा केली. चंद्रिका बसली. टाळ्या थांबल्यावरही तिला लिझेतकडे बघवलं नाही.