खंडेरावांच्या बागेत आलेली होळी

ललित नाचला. खंडेरावांच्या द्राक्षबागेत, भर तोडणीत, गळ्यात सरकारी ओळखपत्र घालून ढोलावर नाचला आणि देशाची निर्यात बंद पडली.

असं काही झालेलं नाही. हंगामी मनुष्यबळ नियोजन कक्षाच्या अहवालात ‘तोडणी सुरळीत’ असंच आहे, तेव्हा आपणही तेच धरून चालू.

तर ललित या कक्षात कंत्राटावर होता. काम सोपं: पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातली माणसं देशाला हवी तेव्हा दिंडोरीच्या बागांत उतरवायची. पण द्राक्षं ऐन तोडणीला आली की होळी यायची आणि मजुरांच्या टोळ्या आपापल्या पाड्यावर पळायच्या. कक्षाच्या प्रमुख उज्वला मॅडमनी त्याला नाशिकच्या ऑफिसात बसवून सांगितलं होतं, “यंदा तोडणी थांबली, की तुझं कंत्राटही थांबलं.”

ललितने खंडेरावांच्या बागेतल्या टोळीच्या मुकादम मंगलाबाईंना गाठलं.

“मावशी, देशाला तुमची गरज आहे.”

“मंग त्यालाबी होळीला घिऊन ये. लय जेवान हाय.”

“तसं नाही हो, अर्थव्यवस्था...”

“ती कोन? तिलाबी आन.”

मग ललितला सुचलं. माणसं होळीकडे जातात ना? होळीच माणसांकडे आणायची!

बाई नाही म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “होळीचा बांबू आमच्याच रानातला लागतो.” ट्रक गेला, बांबू आला. पूजेला पाड्याचा भगत लागतो; भगत आला, त्याचे भाऊबंद आले, ढोलवाले आले. म्हाताऱ्या रुसल्या, म्हणून म्हाताऱ्या आल्या. मागे कोंबड्या राखायला कोणी उरलं नाही, म्हणून कोंबड्याही आल्या, ड्रायव्हरशेजारी बसून.

“म्हणजे यंदा कोणी जाणार नाही?” मॅडमनी फोनवर विचारलं.

“नाही मॅडम. तिकडे आता कोणी नाहीच.”

होळीच्या सकाळी खंडेराव कात्र्या वाटायला गेले. कोणी हात पुढे करेना. मंगलाबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या.

“होळीचं पाड्यावर कोन काम करतं?”

“अहो बाई, ही माझी बाग आहे!”

बाईंनी बांबूकडे, भगताकडे, म्हाताऱ्यांकडे आणि कोंबड्यांकडे बोट दाखवलं. “मंग आमचा पाडा कुठं हाय, सायेब?”

खंडेरावांनी ललितकडे पाहिलं. ललितने नियोजनाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं, तरी त्यालाही समोर पाडाच दिसत होता. आधी टोळ्या निदान सण करून परत यायच्या. आता परत येणार कुठून? पाडा जवळ आला म्हणून शेजारच्या बागांतल्या टोळ्याही कात्र्या टाकून आल्या.

“चल रे पोरा,” मंगलाबाई म्हणाल्या, “तूच आनलीस, आता नाच.”

पुढचं झालेलं नाही. धुळवडीच्या दिवशी मात्र ललितने, कानात रंग असतानाच, अर्ज केला:

“महोदय, फाल्गुन पौर्णिमा तोडणीच्या काळात येत असल्याने राष्ट्रीय कामात वारंवार व्यत्यय येत आहे. तरी सदर पौर्णिमा द्राक्ष हंगाम संपेपर्यंत स्थगित ठेवावी, चंद्रास तसे लेखी कळवावे आणि त्याची पोच निम्नस्वाक्षरीकाराच्या कंत्राटाच्या नूतनीकरणापूर्वी या कार्यालयास मिळावी, ही नम्र विनंती.”