चांगल्या भावांची फडफड

मी एक जुना पंखा आहे. छताला लटकणारा नव्हे, मित्रांनो. तैनान शहरातल्या एका पिवळ्या टॅक्सीत पुढच्या सीटसमोर जो खण असतो, त्याच्या मागच्या अंधारात मी राहतो. उन्हातून आलेला माणूस गाडीत बसतो आणि म्हणतो, "वा, एसी झकास आहे." हवा गार करणारे दुसरे, ती तुमच्या तोंडापर्यंत ढकलत आणणारा मी. कौतुक मात्र वाटेतच उतरून जातं.

कारखान्यातून निघालो तेव्हा धूळ अडवायला माझ्यापुढे कागदाची जाळी होती. पहिल्याच उन्हाळ्यात ती तुंबली. आमचे मालक वेंग चिन-फा यांनी ती उपटून काढली, तशी हवा जोरात आली. "बघ, उगाच बसवतात असलं काहीतरी," ते बायकोला म्हणाले. नवी जाळी आणायची राहिली ती राहिलीच. तेव्हापासून रस्त्याची धूळ, वडाची वाळकी पानं, तळणीचा धूर, सगळं मीच गिळत आलो. कुरकुर केली नाही. केली असती तर निदान कुणी पाहिलं असतं, हे फार उशिरा समजलं.

आमच्याकडे चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्यात मेलेल्यांना सुट्टी असते. ते गावभर हिंडतात. त्यांना भूत म्हणायचं नाही, राग येतो; 'चांगले भाऊ' म्हणायचं. दारात त्यांच्यासाठी जेवण मांडायचं आणि त्यांना खर्चायला लोखंडी पिंपात खोट्या कागदी नोटा जाळायच्या. यंदा वेंगांच्या बायकोने, युए-श्याने, पिंप नेमकं गाडीच्या नाकासमोर ठेवलं. "गाडी आपली आहे हे भावांना दिसू दे. सांभाळतील." उकडत होतं म्हणून वेंग एसी लावून आत बसले. पुढच्या काचेच्या पायथ्याशी बाहेरून जी फट असते, तिथून मी हवा ओढत होतो. त्या दिवशी हवेबरोबर अर्धवट जळलेल्या नोटाही आल्या.

दुसऱ्या सकाळी मी फडफडू लागलो. फडफड, मग टकटक, मग पुन्हा फडफड.

वेंगांची खरी भाकरी म्हणजे गल्लीतल्या म्हाताऱ्या. त्यांना ठरलेल्या दिवशी रुग्णालयात न्यायचं आणि आणायचं. त्यांची पुढारी श्ये आजी. तिने कान टवकारले.

"चिन-फा, आत कोण आहे?"

"कुणी नाही हो आजी."

"मग दार कोण वाजवतंय? हे बघ, पौर्णिमेच्या नैवेद्यापर्यंत हे थांबलं नाही तर आम्ही दुसरी गाडी बघू. बाकीच्या घाबरल्यात. मी नाही, पण मी एकटी येऊन तुझं काय भागणार?"

ते ऐकून वेंगांचा चेहरा उतरला. घरी युए-श्याने उपाय केला. आमच्याकडे हिरव्या पुडक्यात मक्याचा एक खाऊ मिळतो, त्याच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'. यंत्रावर तो ठेवला की यंत्र बिघडत नाही म्हणतात. पुडकं माझ्या डोक्यावर बसलं. वर तिने पुन्हा नोटा जाळल्या, आणखी जास्त, त्याच जागी. दुसऱ्या दिवशी माझी फडफड दुप्पट झाली.

वेंग गॅरेजवाल्या आ-तुंगकडे गेले आणि नको ते बोलून बसले. "एसीत चांगले भाऊ शिरलेत बहुतेक."

आ-तुंगने हात पुसले, खिशात घातले. "महिना संपला की या, वेंगभाऊ. मलाही बायकापोरं आहेत."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी श्ये आजी एकटीच आली, पुढच्या सीटवर बसली. तिला उकडत होतं. तिने बटण फिरवून हवा वाढवली. मी जोरात फडफडलो. कमी केली, मी सावकाश झालो. तिने पुन्हा वाढवली, पुन्हा कमी केली.

"चिन-फा, हे भाऊ बटणाचं ऐकतात रे."

"म्हणजे?"

"माझा नवरा जिवंतपणी माझं एक ऐकत नव्हता. मेल्यावर कुणी इतकं आज्ञाधारक होत नाही. हे भूतबित काही नाही. आ-तुंगने तुला परत पाठवलं म्हणे. ने गॅरेजला, मी बसते गाडीत, बघू कोण हात लावत नाही ते."

तिने 'भूत' म्हटलं तसे वेंग दचकले, पण गाडी वळवली. आजी आत बसलेली पाहून आ-तुंग लाजला. त्याने इंजिन बंद ठेवलं आणि फक्त मला चालू केलं. फडफड तीच. "म्हणजे कंप्रेसर नाही, पट्टा नाही. पंखाच." त्याने खण उतरवला आणि मला बाहेर काढलं. किती वर्षांनी उजेड पाहिला मी. माझ्या पात्यांत काळ्या कडांच्या नोटांचा गुंता होता.

"आणि जाळी कुठाय, वेंगभाऊ?"

वेंग छताकडे बघू लागले.

आजी म्हणाली, "भावांना एवढं दिलंस. ते सुट्टे तुझ्या पंख्यात टाकून गेले."

मला धुतलं, पुसलं, नवी जाळी बसवली. पौर्णिमेला सगळ्या म्हाताऱ्या गाडीत होत्या आणि मी गप्प होतो. पिंप आता गल्लीच्या टोकाला असतं.

हिरवं पुडकं मात्र अजून माझ्या डोक्यावर आहे. त्याच्यामुळेच गाडी शहाणी झाली, असं युए-श्या शेजारणींना सांगते. सांगू दे. मी दमलोय, वाद घालायची ताकद नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असा फडफडत असेल. त्याला ओवाळण्याआधी एकदा उघडून बघा. आणि जाळी तुंबली तर दुसरी बसवा. नुसती काढून टाकू नका. पुढचं सगळं मग आम्हालाच गिळावं लागतं.