हळदीचं पाणी

मी एक जुनी जीप आहे. मित्रांनो, 'जुनी' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गंजका पत्रा, फुटके दिवे आणि सीटवर अंडी घालणाऱ्या कोंबड्या येतील. तसं काही नाही. माझा रंग शाबूत आहे, चारही चाकं ठणठणीत आहेत, बॉनेटवर धूळ शोधून सापडणार नाही. माझं दुखणं वेगळंच आहे, आणि आजवर ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

माझा जन्म लष्करासाठी झाला. डोंगरदऱ्यांतून मी माणसं वाहिली, पेट्या वाहिल्या, कुरकुर केली नाही. काम सरल्यावर मला एका उघड्या मैदानात नेऊन उभं केलं आणि चौसष्ट साली लिलावात काढलं. लोक यायचे, टायरला लाथ मारून बघायचे आणि नाक मुरडून पुढे जायचे. मला त्या लाथांचा फार राग यायचा. मुलगी बघायला गेल्यावर कुणी तिला लाथ मारून बघतं का?

कोडोलीच्या जोतीरामने लाथ मारली नाही. तो फौजेत गाडी चालवून नुकताच घरी आलेला. त्याने बॉनेट उघडून आत डोकं घातलं, ते बराच वेळ बाहेरच काढलं नाही. मग मला ट्रकवर चढवून तो आपल्या मळ्यात घेऊन आला. गाडी येणार म्हणून त्याची बायको चिमणाबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. मला बघून तिचा हात ओवाळायचाच राहिला.

"आवं, ही गाडी हाय का गाडीचं मढं?"

"मढं न्हाय, आजारी हाय. उठवू की आपण."

"आपण? मी काय डाक्टर हाय व्हय?"

पण डॉक्टरीण तीच झाली. मागच्या चिंचेच्या फांदीला साखळी बांधून जोतीरामने माझं इंजिन उचललं, तेव्हा साखळीचं दुसरं टोक तिच्या हातात होतं. माझे नट-बोल्ट रॉकेलमध्ये भिजत पडायचे ते तिच्या भाकरीच्या परातीत. त्यावरून एकदा घरात असं महाभारत झालं की जोतीराम उपाशी झोपला आणि मी आठ दिवस चाकांविना विटांवर उभी राहिले. नंतर तिनेच ती परात कायमची माझ्या नावाने सोडून दिली. पत्र्याचा गंज तिने पॉलिश पेपरने घासून काढला. मोडलेले तुकडे जोतीराम कोल्हापुरात उद्यमनगरात नेऊन नव्याने ओतून आणायचा. असं करत करत तीन उन्हाळे गेले आणि मी उठले. पहिल्यांदा माझा आवाज घुमला तेव्हा गोठ्यातल्या म्हशींनी दावी तोडली. चिमणाबाई मात्र दोन्ही हात बॉनेटवर ठेवून रडत होती. इतकं कौतुक माझं लष्करातही झालं नव्हतं.

त्यांचा मळा खोलगटात होता. तिथून पक्क्या सडकेला लागायचं तर तांबड्या मातीची खिंड चढावी लागे. पावसाळ्यात बैलगाडीसुद्धा तिथे हात टेकायची. जोतीराम धाकटा दांडा ओढून माझी पुढची चाकंही कामाला लावायचा आणि मी दुधाच्या किटल्यांसकट ती खिंड चढायचे. आसपासच्या वाड्यांचं सगळं दूध माझ्या जिवावर डेअरीला जाऊ लागलं. खिंडीच्या माथ्यावर तो रोज थांबायचा, मला दम खाऊ द्यायचा, पाणी पाजायचा आणि मगच पुढे न्यायचा.

पुढे काही वर्षांनी माझा रेडिएटर ठिबकू लागला. गाडीचं इंजिन थंड ठेवणारं पाणी ज्यात असतं, तो रेडिएटर. एकदा आम्ही सडकेवर खोळंबलो होतो, तेव्हा एका ट्रकवाल्याने तोडगा सांगितला.

"पावणं, चिमूटभर हळद टाका की त्यात. बारकं भोक बुजतंय. घरापतूर जाशीला."

शेजारी चिमणाबाई बसली होती. बाजारातून घेतलेली हळद तिच्याच पिशवीत होती. तिने चिमूटभर टाकली आणि खरंच, गळती थांबली! जोतीराम हसला.

"ही नुसती मलमपट्टी झाली. उद्या ह्यो उतरवून भोकाला कथलाचा डाग देऊन आणतो."

तो 'उद्या' काही उगवला नाही. मी एक दिवस घरी राहिले की वाड्यांचं दूध नासायचं. जोतीराम रोज सकाळी माझ्याखाली वाकून बघायचा, ओल दिसली की त्याचं तोंड उतरायचं, आणि ते चिमणाबाईला बघवायचं नाही. जोतीरामचं बोट कापलं की ती हळद लावायची. म्हशीच्या जखमेत हळद दाबायची. मग मलाच का वगळावं? तिने त्याला न सांगता माझी जबाबदारी घेतली. दर अमावास्येला माझी पूजा करायची, नारळ फोडायची, आणि तो आत गेला की झाकण उघडून मूठभर हळद ओतायची. "बरी हो गं बाई," म्हणायची. चिमटीची मूठ झाली होती. जास्त माया म्हणजे जास्त गुण, असा तिचा साधा हिशोब.

"बघ, आपोआप बरं झालं की!" जोतीराम म्हणायचा. ती पदराआड हसायची. पाणी पिवळं दिसलं तरी त्याला ती ट्रकवाल्याने सांगितलेली जुनी चिमूट वाटायची. आणि माझ्या आत त्या बारीक नळ्यांमध्ये हळदीचा गाळ बसत चालला होता. मी पूर्वीपेक्षा लवकर तापू लागले होते, पण खिंडीतल्या विसाव्याने ते निभावून जायचं.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात वैरण कापताना चिमणाबाईला पान लागलं. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. शेजारच्या मळ्यातल्या गुंडूने तिला उचलून माझ्या सीटवर बसवलं आणि तो मागे चढला. जोतीरामने धाकटा दांडा ओढला. त्या दिवशी मी अशी चढले की अख्ख्या आयुष्यात तशी चढले नसेन.

माथ्यावर तो थांबला नाही. कसा थांबेल? काटा लालवर गेलेला त्यालाही दिसत होता.

चिमणाबाईची जीभ जड झाली होती. तरी तिने माझ्या पत्र्यावर हात ठेवला.

"आवं, दम खाऊ द्या की तिला. तापलीया बिचारी."

"तू गप. डोळं मिटू नगंस. माझ्याकडं बघ."

मित्रांनो, मी खूप धीर धरला. पण पाणी उकळून उडालं, इंजिन जागच्या जागी आवळलं आणि सडक समोर दिसत असताना मी उभी राहिले. वाफ सुटली, तिला हळदीचा वास येत होता. जोतीरामने आणि गुंडूने आळीपाळीने चिमणाबाईला पाठीवर घेतलं आणि ते पळत सुटले. मी तिथेच चिखलात रुतून होते. दिवस मावळताना दोघे परत आले. ते हळू चालत येत होते. त्यावरूनच मला कळलं.

तेरावं झालं आणि जोतीरामने माझा रेडिएटर उतरवला. आतून पिवळा गाळ निघाला, खरवडून काढावा लागेल इतका घट्ट. त्याने तो बोटावर घेतला, हुंगला, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. सगळं त्याच्या ध्यानात आलं होतं. एवढ्यात चिमणाबाईची आई अंबूबाई बाहेर आली. त्याने झटकन रेडिएटरवर पोतं टाकलं.

"गाडी कशानं बंद पडली, जोतीराम?"

"पाणी घालायचं इसरलो, मामी."

"इसरलास?" म्हातारीचा आवाज चिरकला. "फौजंत गाडी चालवलीस, आन् माझी ल्येक आत घालून पाणी इसरलास?"

त्याने पोतं आणखी खाली ओढलं. गावानेही त्याला नावं ठेवली. त्याने रेडिएटर ओढ्यावर नेला आणि हळदीचा कणही उरणार नाही इतका तारेने घासला. मग कोल्हापुरात जाऊन डाग देऊन आणला, माझं इंजिन पुन्हा उघडलं, सगळं नीट बसवलं. एवढंच काम होतं ते. तिच्या जितेपणी करायचं राहून गेलेलं.

आता वाड्यांवर दुधाचा टेम्पो येतो. डोंगरात कुणी आजारी पडलं तरच जोतीराम मला बाहेर काढतो. आधी झाकण उघडून पाणी बघतो, आणि झाकण लावल्यावर पुन्हा उघडून बघतो.

मित्रांनो, गळतीवर नुसती माया करू नका, गळती काढा. यंत्राचं दुखणं उद्यावर टाकू नका, आणि तुमच्या काळजीने घरात कुणी गुपचूप काही करत असेल तर त्याला विचारा. हा झाला उपदेश. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे.

बाजारादिवशी कोडोलीच्या रस्त्यावर एक म्हातारी दिसेल. आम्हाला बघून ती तोंड फिरवते, "मुडदा बशिवला त्या गाडीचा" म्हणते आणि जोतीरामच्या नावाने थुंकते. चिखल तिच्या लुगड्यावर उडू नये म्हणून जोतीराम तिच्याजवळून मला अगदी हळू नेतो. तुम्हाला आता सगळं ठाऊक झालं आहे. तुम्ही तिला भेटलात, तर यातलं काहीही सांगू नका. तिला आमच्यावरच रागावू द्या.