दोन समुद्रांचा झरा

झऱ्याच्या तोंडाशी रोवलेल्या दगडावर पाणी आदळे, क्षणभर तिथंच फुगून राही आणि मग दोन पाटांत वाटलं जाई. कणकुंबीच्या त्या टेकाडावर मालुबाईच्या वडिलांनी तो दगड बसवला होता. पश्चिमेचा पाट मालुबाईच्या केळींना, पूर्वेचा तिच्या धाकट्या भावाच्या, मष्णूच्या पोफळींना. पण अलीकडं झरा बारीक झाला होता. उन्हाळ्यात दोन्ही पाट वाटेतच जिरत आणि दोन्ही बागा वाळू लागत. कुणाचा पाट बंद करायचा, हे ठरवणं मालुबाई दरवर्षी पुढं ढकलत आली होती.

मष्णूची मुलगी रचना बेळगावच्या कॉलेजात भूगोल शिकवायची. सुट्टीत आली तेव्हा ती त्या दोघांसोबत दगडापाशी उकिडवी बसली.

"आत्ते, पावसाळ्यात तुझ्याकडचं पाणी म्हादईतनं गोव्याच्या समुद्राला जातंय. आप्पांच्या बाजूचं मलप्रभेतनं, कृष्णेतनं पार पूर्वेच्या समुद्राला."

"ह्याच झऱ्याचं?"

"व्हय. मधी ह्यो एक दगड."

"आक्का खानापूरच्या पुढं कवा गेली न्हाय," मष्णू हसला, "आणि तिचं पाणी बघ कुठं कुठं जातंय."

मालुबाईनं दगडाशी हात धरला. तिच्या बोटांवरून दोन समुद्र निघाले होते. एवढा अफाट पसारा, पण त्यातला एकेक थेंब मात्र कुठल्या तरी एकाच बाजूला जात होता.

"केळी फिरून लावता येतील," ती म्हणाली. "पोफळ एकदा वाळली की गेली. मष्णू, माझा पाट बुजव. सगळं पाणी तू घे, आणि निम्मी सुपारी मला दे."